परीक्षेच्या निकषांत विद्यार्थ्यांचा वाटा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आपल्या समाजात परीक्षेविषयी बोलणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. निकाल लागले की आठ-पंधरा दिवस घरोघरी तोच विषय असतो. प्रश्नपत्रिका कठीण होती, तपासणी कडक होती, अमक्याला एवढे गुण कसे आणि तमक्याला एवढेच का, अशी चर्चा होते आणि मग पुढच्या वर्षापर्यंत सारे शांत होते. या चर्चेत पालक बोलतात, प्राध्यापक बोलतात, वृत्तपत्रे बोलतात. ज्याची परीक्षा झाली तो विद्यार्थी मात्र बहुधा गप्प असतो. त्याने उत्तरे लिहावयाची आणि निकाल स्वीकारावयाचा, एवढेच त्याचे काम, असे आपण धरून चाललो आहोत. आज मला बोलावयाचे आहे ते या गृहीताविषयी. उत्तर कशाने चांगले ठरते याचे निकष शब्दांत मांडणे, नमुन्याची उत्तरे निवडणे, अभिप्राय कोणत्या स्वरूपात द्यावा हे ठरविणे, या कामांत विद्यापीठातील विद्यार्थ्याला सहभागी करून घ्यावे काय, आणि घेतल्यास त्यातून काय साधते, असा हा प्रश्न आहे.

आपली विद्यापीठे कशी जन्मास आली हे आठवले म्हणजे या गृहीताचे मूळ सापडते. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्या काळचे लंडन विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ होते. शिकविण्याचे काम कॉलेजांनी करावयाचे. साहजिकच आपल्याकडेही शिकविणारा एक आणि तपासणारा दुसरा, अशी वाटणी झाली. परीक्षक दूर कोठे तरी असावा, अनोळखी असावा आणि त्याच्या मनातील मोजमाप कोणाला कळू नये, यातच निःपक्षपातीपणा आहे अशी समजूत रूढ झाली. त्या व्यवस्थेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. वशिलेबाजीला तिने काही अंशी तरी आळा घातला. परंतु तिच्यामुळे चांगल्या उत्तराची कल्पना परीक्षकाच्या डोक्यात राहिली आणि विद्यार्थ्याच्या हाती केवळ आकडा आला.

डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षांची असेल, अशा आशयाचा निर्वाळा दिला होता. त्यानंतर आणखी आयोग आले, समित्या आल्या. सत्रपद्धती आली, अंतर्गत गुण आले, श्रेयांक आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनावर भर दिला आहे. आकडा हाती पडण्याचे प्रसंग वाढले. आकड्यामागचे मोजमाप मात्र विद्यार्थ्याच्या फारसे जवळ आलेले नाही.

एक पाऊल निश्चित पुढे पडले आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. बंद कपाट उघडले ही मोठीच गोष्ट झाली. परंतु पाहणे आणि उमगणे यांत अंतर आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकविते. मराठी माध्यमातून शिकून गेलेल्या आमच्या मुली कॉलेजात गेल्यावर कधी कधी भेटावयास येतात. त्यांतील एकीने आपली चाचणीची उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. पंचवीसपैकी अकरा गुण होते आणि समासात इंग्रजीतून एक त्रोटक शेरा होता: विवेचन नाही. उत्तर चांगले पाच पानांचे होते. तिने विचारले, "बाई, विवेचन म्हणजे आणखी किती पाने?" तिच्या उत्तरात माहिती भरपूर होती, कारणांची छाननी नव्हती, दोन मतांची तुलना नव्हती, स्वतःचा निष्कर्ष नव्हता. शाळेत बहुधा 'माहिती लिहा' असा प्रश्न असतो. कॉलेजात 'चर्चा करा' असा असतो. या दोन क्रियापदांतील अंतर तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि समासातील शेऱ्यानेही ते सांगितले नाही.

ज्या घरात आधीची पिढी कॉलेजात गेलेली असते, तेथील मुलांना हे अलिखित नियम जेवता-बोलता कळून जातात. थोरला भाऊ सांगतो, मावशी जुन्या वह्या देते. ज्या घरातून पहिलेच मूल कॉलेजची पायरी चढते, त्याला हे सांगणार कोण? आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्तीत ही अडचण आणखी वाढते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळेतला विद्यार्थी पुढे इंग्रजी किंवा कन्नड माध्यमाच्या वर्गात बसतो. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकलेल्या मुलाला माध्यमिक शाळेतच इंग्रजीशी सामना करावा लागतो. विषय तो जाणतो. प्रश्न त्याच्याकडून काय मागतो आहे, एवढेच त्याला कळत नाही. मग गुण कमी पडतात आणि तो स्वतःपुरता निष्कर्ष काढतो की, आपल्याला डोके नाही. खरे नुकसान होते ते येथे. गेलेले गुण पुढच्या सत्रात भरून काढता येतात. स्वतःच्या बुद्धीविषयी काढलेला असा निष्कर्ष पुसून टाकावयास पुष्कळदा आयुष्य पुरत नाही.

ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी १९८९ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात या प्रश्नाची नेमकी मांडणी केली आहे. विद्यार्थ्याची प्रगती व्हावयाची तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चांगले काम कसे असते याची कल्पना त्याच्या मनात असली पाहिजे; आपले काम त्या कल्पनेशी ताडून पाहता आले पाहिजे; आणि दोहोंतील अंतर कमी करण्यासाठी काही तरी करता आले पाहिजे. यांपैकी पहिली गोष्टच नसेल, तर गुरुजींचा अभिप्राय कितीही मोलाचा असो, तो वाया जातो. आपल्याकडील गाण्याच्या तालमीत हे तत्त्व फार पूर्वीपासून पाळले गेले आहे. शिष्य आधी तानपुरा जुळवावयास शिकतो, तासन् तास ऐकतो, आणि सूर लागला की नाही हे त्याचे त्याला कळू लागते. कान तयार झाल्यावाचून गळा तयार होत नाही.

मग हा कान तयार करावयाचा कसा? निकष छापून वाटले म्हणजे झाले, असे कोणासही वाटेल. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठात ख्रिस रस्ट, मार्गारेट प्राइस आणि बेरी ओ'डोनोव्हन या अध्यापकांनी प्रथम तसेच करून पाहिले. निकषांचे सविस्तर कोष्टक तयार करून त्यांनी ते विद्यार्थ्यांच्या हाती दिले. त्यांच्या ध्यानात आले की, केवळ कोष्टकाने फारसे भागत नाही. 'युक्तिवाद सुसंगत असावा' हे वाक्य ज्याला सुसंगत युक्तिवाद ठाऊक आहे त्यालाच समजते. इतरांना ती केवळ अक्षरे.

तेव्हा त्यांनी निराळा मार्ग धरला. व्यवसायशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, स्वतःचा निबंध देण्यापूर्वी, दुसऱ्यांनी लिहिलेले दोन नमुना-निबंध तपासावयास दिले. मग दीड तासाच्या वर्गात लहान लहान गटांनी आपण किती गुण दिले व का दिले याची चर्चा केली. अध्यापकांनी निकषांचा अर्थ उलगडून सांगितला. गटांनी आपल्या गुणांचा फेरविचार केला आणि अखेरीस अध्यापकांनी स्वतः तपासलेली प्रत पुढे ठेवली. येणे ऐच्छिक होते, आणि निम्म्याहून कमी विद्यार्थी आले. त्यापूर्वीच्या कामात आलेल्या व न आलेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांत लक्षणीय फरक नव्हता. या वर्गानंतर दिलेल्या निबंधात मात्र आलेले विद्यार्थी स्पष्टपणे पुढे गेले. वर्षभरानंतरही त्या फरकाचा काही भाग टिकून होता. २००३ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शिक्षकांनी त्याची दखल घेतली. दीड तासाच्या कामाला एवढे फळ यावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात पॉल डेनी यांनी 'पीअरवाइज' नावाची एक योजना संगणकावर उभी केली. तिच्यात विद्यार्थी स्वतः बहुपर्यायी प्रश्न तयार करतात, बरोबर उत्तराचे स्पष्टीकरण लिहितात. इतर विद्यार्थी ते प्रश्न सोडवून त्यांच्या दर्जाविषयी आपले मत नोंदवितात. प्रश्न रचणे हे काम सोपे वाटते, पण ज्याने केले त्यालाच त्यातली मेख कळते. बरोबर पर्याय एकच लिहावयाचा असतो. चुकीचे पर्याय मात्र असे हवेत की, अर्धवट समजलेला विद्यार्थी त्यांना फसेल. म्हणजे आपले ज्ञान कोठे घसरू शकते याचा विचार आधी करावा लागतो. हा विचार ज्याने केला, तो स्वतः त्या जागी सहसा घसरत नाही.

यात सर्वस्वी नवे असे काही नाही. येशूसंघाने १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी जी अभ्यासनियमावली लागू केली, तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याला वर्गातच एक प्रतिस्पर्धी नेमून द्यावा आणि त्यांनी एकमेकांच्या लेखनातील चुका काढाव्यात अशी योजना होती. मात्र तेथे मोजमाप ठरलेले असे; विद्यार्थ्याने ते फक्त लावावयाचे. याच्या पुढचे पाऊल आपल्या काळात पडले. अमेरिकेत मिल्वॉकी येथे धर्मभगिनींनी स्थापन केलेल्या ॲल्व्हर्नो या महिला महाविद्यालयाने १९७३ साली रूढ श्रेणीपद्धती बाजूस सारली. आपण कोणत्या क्षमता मिळविल्या याचा पडताळा विद्यार्थिनीने निकष पुढे ठेवून स्वतः घ्यावयाचा आणि तो अध्यापिकांच्या मूल्यमापनाशी जुळवून पाहावयाचा, हा तेथील शिक्षणाचाच भाग झाला. प्रार्थनेपूर्वी आत्मपरीक्षण करण्याची सवय आम्हां ख्रिस्ती लोकांना लहानपणापासून लावतात. अभ्यासातही ती लावता येते, एवढेच त्या भगिनींनी दाखवून दिले.

आता अभिप्रायाविषयी. ब्रिटनमध्ये २००५ पासून पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांची राष्ट्रीय पाहणी होत आली आहे. तिच्यात शिकविण्याविषयी विद्यार्थी समाधानी दिसत. मूल्यमापन आणि अभिप्राय या सदरात मात्र असमाधान वर्षानुवर्षे अधिक आढळले. प्राध्यापक म्हणत, आम्ही एवढे लिहितो, ते कोणी वाचत नाही. विद्यार्थी म्हणत, लिहिलेले आम्हांला कळत नाही. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. इस्राएलमधील रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला शाळकरी मुलांवरील प्रयोगही लक्षात घेण्याजोगा आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय, आणि काहींना दोन्ही. सुधारणा आणि गोडी दिसून आली ती केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांत. गुण जोडताच अभिप्रायाचा गुण नाहीसा झाला! आकडा दिसला की डोळे तेथेच थांबतात, याचा अनुभव शिक्षकाला निराळा सांगावयास नको.

आता कोणी म्हणेल, ही परदेशी उदाहरणे झाली. संलग्न कॉलेजातील आपल्या प्राध्यापकाच्या हाती काय आहे? प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते, उत्तरपत्रिका केंद्रावर तपासल्या जातात. हे खरे आहे, तरी अंतर्गत चाचण्या, निबंध आणि प्रकल्प हा भाग पुष्कळ ठिकाणी कॉलेजाकडेच असतो. तेवढ्यात तीन गोष्टी सहज करता येतील.

पहिली अशी की, मागील वर्षांची तीन उत्तरे, एक उत्तम, एक मध्यम आणि एक सामान्य, लिहिणाऱ्यांची संमती घेऊन व नावे काढून विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. त्यांनी गटागटाने गुण द्यावेत, कारणे सांगावीत, आणि दुसऱ्यापेक्षा पहिले सरस का, हे आपल्या शब्दांत लिहावे. शिक्षकाने त्यात भर घालावी, चुकले असेल तेथे सुधारावे. या चर्चेतून जे एक पान तयार होईल ते त्या वर्गाचे निकषपत्र. दुसरी गोष्ट, प्रश्नांतील क्रियापदांचा एक लहानसा कोश विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा. वर्णन करा, कारणे द्या, तुलना करा, परीक्षण करा. यांतील प्रत्येक क्रियापद काय मागते, ते मराठीत आणि ज्या भाषेत परीक्षा द्यावयाची त्या भाषेत, एकेका उदाहरणासह लिहून काढावे. माझ्या त्या विद्यार्थिनीला असा कोश मिळाला असता, तर पाच पानांऐवजी तिने तीनच लिहिली असती आणि गुण अधिक मिळविले असते. तिसरी गोष्ट, उत्तरपत्रिकांवर नेहमी पडणारे शेरे एकत्र करून विद्यार्थ्यांना विचारावे की, यांतील कोणते समजतात आणि कोणते समजत नाहीत. 'मुद्देसूद नाही' याऐवजी काय लिहिले असते तर पुढच्या वेळी उपयोग झाला असता, हे तेच उत्तम सांगू शकतील.

यावर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप, रोग्यानेच औषध लिहून द्यावे काय? नाही. विषयाचा दर्जा आणि अखेरचे गुण यांची जबाबदारी शिक्षकाची व विद्यापीठाची आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे. विद्यार्थ्यांनी गुणांची सूट मागावी असा याचा अर्थ नव्हे. मोजमाप काय आहे ते समजून घेण्याच्या आणि समजेल अशा भाषेत मांडण्याच्या कामात त्यांचा वाटा असावा, एवढेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. ऐंशी-शंभरांचा वर्ग आणि त्यांच्या वह्यांचे गठ्ठे ज्याने पाहिले आहेत तो ही अडचण हसण्यावारी नेणार नाही. परंतु एकच शेरा ऐंशी वह्यांवर ऐंशी वेळा लिहिण्यातही वेळ जातोच. तो तास आधी खर्च केला तर त्यातले पुष्कळसे शेरे लिहावेच लागणार नाहीत.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अशा कामाला बोलविले की पुढे येतात ते हुशार आणि बोलके विद्यार्थी. ज्यांना खरी गरज आहे ते मागेच राहतात. ऑक्सफर्ड ब्रूक्समध्येही निम्म्याहून अधिक विद्यार्थी आले नाहीत, हे विसरता येत नाही. म्हणून हे काम वर्गाच्या वेळापत्रकातच व्हावे, आणि छोटी समिती नेमावयाची झाल्यास तिच्यात एखाद्या विषयात एकदा नापास होऊन मग पास झालेला विद्यार्थी अवश्य असावा. वाटेत अंधार कोठे आहे, हे ठेच लागलेल्यालाच ठाऊक असते.

आणखी एक धोका आहे. एका वर्षी कष्टाने तयार केलेले सुबक निकषपत्र पुढच्या वर्षी छापून वाटले जाईल, तिसऱ्या वर्षी त्याची मार्गदर्शिका निघेल आणि चौथ्या वर्षी मुले ते पाठ करतील. घोकंपट्टीला आपल्याकडे कोणतेही खाद्य चालते! ऑक्सफर्ड ब्रूक्सच्या अनुभवाचा खरा बोध येथेच आहे. हाती आलेल्या कागदाने फारसे साधले नाही. वाद घालून, चुकून, पुन्हा विचार करून जे समजले त्याने साधले. म्हणून प्रत्येक वर्गाने आपले निकषपत्र नव्याने करावे. गेल्या वर्षीचे जरूर पाहावे, पण ते तपासण्यासाठी. शिक्षकाला हे पुनःपुन्हा करावे लागेल, यात शंका नाही. परंतु नव्या वर्गाला धडाही आपण पुन्हा शिकवितोच की.

आजच्या काळात या गोष्टीला एक नवी निकड आली आहे. संगणकाला सांगितले की तो क्षणात गुळगुळीत भाषेतले उत्तर लिहून देतो. ते खरे की खोटे, नेटके की पोकळ, हे ठरविण्याची शक्ती मात्र विद्यार्थ्याजवळ असावी लागते. लिहून देणारे साधन जितके स्वस्त होईल, तितकी पारख महाग होत जाईल. ही पारख व्याख्याने ऐकून येत नाही. ती प्रत्यक्ष पारखण्यानेच येते.

श्रोतेहो, पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाच्या कामाला पुढे कोणी गुण देत नाही. शिक्षक म्हणून, कारकून म्हणून, अभियंता म्हणून, आई किंवा बाप म्हणून, आपले काम बरे झाले की नाही, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. ते ठरविण्याचा अधिकार आणि सराव त्याला विद्यापीठाच्या तीन-चार वर्षांत मिळाला नाही, तर तो कोठे मिळणार? येत्या सत्रात एखाद्या कॉलेजातील एखाद्या प्राध्यापकाने एका चाचणीपूर्वी तीन जुनी उत्तरे वर्गापुढे ठेवून, "तुम्ही यांना किती गुण द्याल, आणि का?" एवढाच प्रश्न विचारून पाहावा. मागच्या बाकावरून येणारी उत्तरे त्याने विशेष लक्ष देऊन ऐकावी, अशी माझी विनंती आहे.